पुल्लुवळीची आई आणि उदयनगरची लेक

एलिस्वा वट्टालिल या केरळमधल्या पुल्लुवळी गावच्या शेतकरी घरातल्या कॅथलिक आई. सात मुलांचा संसार त्यांनी पती पैली यांच्याबरोबर उभा केला. त्या सातांतल्या दोन मुली धर्मभगिनी झाल्या आणि सेवेसाठी उत्तर भारतात गेल्या. त्यांतली मोठी म्हणजे सिस्टर राणी मारिया. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात, भरदिवसा, प्रवाशांनी भरलेल्या बसमध्ये तिच्यावर सुरीने वार झाले आणि रस्त्याच्या कडेला तिने प्राण सोडला. वार करणारा समंदरसिंह शिक्षेची वर्षे काढून बाहेर आला. २००७ साली तो पुल्लुवळीला गेला, तेव्हा त्या घराने त्याला आपला मुलगा म्हणून आत घेतले.

ही हकीकत बहुतेक वेळा चमत्कारासारखी सांगितली जाते. आई क्षणात विरघळली, खुन्याचे मन पालटले, आणि सगळे संपले. घटनांचा क्रम नीट लावून पाहिला तर वेगळेच दिसते. या घराची माफी हे कित्येक वर्षे चाललेले काम होते. त्यात तुरुंगाच्या खेपा होत्या, अर्ज होते, हजारो किलोमीटरचे प्रवास होते आणि पुन्हा पुन्हा करावा लागलेला निश्चय होता. त्या कामाचे बळ घरातूनच आले होते. म्हणून सुरुवात घरापासूनच करायला हवी.

पुल्लुवळी हे एर्नाकुळम जिल्ह्यात पेरुंबावूरजवळचे गाव. केरळच्या राजकारणात या गावाचे नाव वेगळ्याच कारणाने घेतले जाते. कम्युनिस्ट विचारवंत पी. गोविंद पिळ्ळै इथलेच, आणि एके काळचे मुख्यमंत्री पी. के. वासुदेवन नायर यांचेही या गावाशी नाते होते. त्याच मातीत वट्टालिल हे सीरो-मलबार कॅथलिक कुटुंब शेती करत होते. प्रेषित संत थॉमसने आपल्या पूर्वजांना ख्रिस्ताची वाट दाखवली, अशी या समाजाची परंपरा आहे. एलिस्वा यांचे दुसरे अपत्य मरियम, म्हणजे पुढची राणी मारिया, हिचा जन्म २९ जानेवारी १९५४ चा. आठवडाभरात, ५ फेब्रुवारीला, तिचा बाप्तिस्मा झाला. स्टीफन, अ‍ॅनी, वर्गीस, त्रेसियाम्मा, सेलिन आणि लूसी ही तिची भावंडे.

केरळच्या कॅथलिक घरांत धर्म चर्चपेक्षाही अधिक घरात शिकवला जातो, आणि तो शिकवणारी बहुधा आई किंवा आजी असते. दिवेलागणीला सगळे घर एकत्र बसते, रोझरीची जपमाळ म्हटली जाते, प्रार्थना संपली की लहान मुले थोरामोठ्यांना वंदन करतात. मराठी घरातल्या परवचा-शुभंकरोतीच्या वेळेला तिथे हा नेम चालतो. या कुटुंबधर्माला लेखी रूप दिले ते कुरियाकोस एलियास चावरा (१८०५–१८७१) या धर्मगुरूंनी. त्यांना २०१४ साली संतपद मिळाले. आपल्या कैनकरी गावच्या लोकांना त्यांनी १८६८ मध्ये एक दीर्घ पत्र लिहिले. 'चावरूळ' या नावाने ते आजही केरळच्या घरांत वाचले जाते. त्यातला उपदेश अगदी व्यवहारी आहे: कर्ज काढू नका, कोर्टकचेरीच्या नादी लागू नका, मजुराची मजुरी बुडवू नका, दारी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नका. सूड तर जनावरालाही घेता येतो, माफ करायला मात्र माणसाचे बळ आणि शहाणपण लागते, हा विचारही त्याच पत्रात आहे. चावरांनीच 'पिडियरी'ची रीत लावली. रोज भात रांधताना चुलीवर जाण्याआधी एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा आणि तो शाळेत येणाऱ्या गरीब मुलांच्या जेवणाला द्यायचा. ही मूठ घरातल्या बाईच्या हातची असे. दानधर्म हा श्रीमंतांचा शौक नसून रोजच्या स्वयंपाकाचा भाग आहे, हे मुलांना यातून कुणी न सांगताच कळत असे.

अशा वातावरणात वाढलेली मरियम शाळा संपवून ३ जुलै १९७२ रोजी किडंगूर इथल्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट धर्मभगिनींच्या मठात दाखल झाली. हा संघ १८८८ साली चंगनाशेरीत स्थापन झाला. केरळच्या संत अल्फोन्सा, ज्यांना २००८ मध्ये संतपद मिळाले, त्याच संघातल्या. १ मे १९७४ रोजी मरियमने पहिली व्रते घेतली आणि तिचे नाव झाले राणी मारिया. पुढे धाकटी बहीण सेलिनही याच संघात आली आणि सिस्टर सेल्मी पॉल झाली.

मुलगी मठात पाठवणे ही कॅथलिक घरात अभिमानाची गोष्ट समजली जाते. पण आईच्या बाजूने पाहिले तर ती एक पाठवणीच असते, आणि लग्नाच्या पाठवणीपेक्षा कडक. सासरी गेलेली मुलगी सणावाराला माहेरी येते, बाळंतपणाला येते. व्रतस्थ मुलीचे येणे संघाच्या परवानगीवर आणि कामाच्या सवडीवर ठरते. शेतात आणि घरात राबणारे दोन हात कायमचे जातात. एलिस्वा यांनी ही पाठवणी दोनदा केली, आणि दोन्ही वेळा मुलगी अनोळखी भाषेच्या, लांबच्या मुलखात गेली.

राणी मारियांची पहिली नेमणूक उत्तर प्रदेशातल्या बिजनोरला झाली. १९७५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्या तिथे पोहोचल्या आणि काही काळ शाळेत शिकवू लागल्या. २२ मे १९८० रोजी केरळात अंकमाली इथे त्यांनी अखेरची व्रते घेतली. जुलै १९८३ मध्ये त्या मध्य प्रदेशात सतना धर्मप्रांतातल्या ओडगडी इथे आल्या आणि सामाजिक कामाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. रेवा विद्यापीठातून त्यांनी समाजशास्त्राची एम. ए. पदवीही मिळवली. वर्गातली शिक्षिका ते गावोगाव हिंडणारी कार्यकर्ती हा बदल या वर्षांत घडला. तिथल्या कामाची दिशा पक्की झाल्यावर, मे १९९२ मध्ये, त्यांची बदली देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला झाली.

देवास म्हटले की मराठी वाचकाला पवारांची थोरली आणि धाकटी पाती आठवते, आणि त्याच्या जोडीने कुमार गंधर्व. कुमारजींचे निधन १९९२ च्या जानेवारीत देवासमध्येच झाले, त्यानंतर चारच महिन्यांनी राणी मारिया या जिल्ह्यात आल्या. मात्र टेकडीवरच्या चामुंडामातेचे, गाण्याबजावण्याचे देवास आणि उदयनगर यांच्यात जिल्हा एकच असला तरी जगे दोन होती. धार आणि देवास या दोन्ही जिल्ह्यांची घडण पाहिली की हे कळते. उत्तरेकडे माळव्याचे पठार, काळी कसदार जमीन, जुन्या मराठी सरदारांच्या राजधान्या. दक्षिणेकडे विंध्याचे डोंगर आणि त्याखाली नर्मदेचे खोरे. पठारावर शेतकरी, व्यापारी, सरकारी कचेऱ्या, आणि डोंगरउतारावर भिल्ल, भिलाला, बारेला, कोरकू यांच्या विखुरलेल्या वस्त्या. २०११ च्या जनगणनेनुसार धार जिल्ह्यातले निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. देवास जिल्ह्यात हे प्रमाण सुमारे १७ टक्के. पण हे १७ टक्के सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत, ते बागली-उदयनगरच्या डोंगराळ पट्ट्यात दाटले आहेत. जिल्ह्याच्या सरासरीत त्यांची गरिबी दिसत नाही, हे त्यांचे आणखी एक दुर्दैव.

या पट्ट्यातली सावकारी नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही. डोंगरातली शेती पावसाच्या भरवशावर. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर घरातले धान्य संपलेले असते आणि बियाणे तर हवेच. मग कर्ज धान्याच्या रूपात उचलले जाते. 'सवाई'ने घेतले तर पीक आल्यावर एका पोत्याचे सव्वा पोते परत करायचे, 'दीडी'ने घेतले तर दीड. ऐकायला हे फार वाटत नाही. पण मुदत चार-सहा महिन्यांचीच असते, म्हणजे सवाईचा दर वर्षाला पन्नास टक्क्यांच्या घरात जातो आणि दीडीचा शंभराच्या. शिवाय उचल होते तेव्हा धान्य महाग असते आणि फेड होते तेव्हा सुगीमुळे स्वस्त, त्यामुळे रोखीत मोजलेले कर्ज धान्याने फेडणाऱ्याला दोन्हीकडून खोट बसते. रोकड लागली तर चांदी गहाण पडते. भिल्ल बाईची हासळी, कडी, कंबरेचा कंदोरा हीच तिची बँक. धारच्या कुक्षीपासून झाबुआपर्यंतच्या बाजारांत हे दागिने गहाणाच्या दुकानांत वर्षानुवर्षे पडून राहतात. महिना शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के, हा हिशेब अक्षरशत्रू माणसाला कुणी मांडून दाखवत नाही. वहीवर अंगठा उठला की आकडा सावकाराच्या हाती. तीन-चार हंगाम असे गेले की माणूस सावकाराच्याच शेतावर फेडीपोटी राबू लागतो, आणि मग पिकाचा भावही तोच ठरवतो.

कायदे नव्हते असे नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली होती. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या जमीन महसूल संहितेत आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर निर्बंध होते. गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी १९८० मध्ये कलमही जोडले गेले. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात बैल, विहीर, पंप यांसाठी बँकेचे कर्ज आणि अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना निम्मे अनुदान अशी सोय होती. पण बँक तालुक्याच्या गावी, अर्ज हिंदीत, दाखला तलाठ्याकडे, आणि या प्रत्येक दारात एक मध्यस्थ उभा. योजना आणि माणूस यांच्यामधली ती जागा सावकार आणि त्याची माणसे भरून काढत.

राणी मारिया नेमक्या त्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची पद्धत अवघड नव्हती, चिकाटीची होती. पायी किंवा मिळेल त्या वाहनाने फळियाफळियात, म्हणजे वस्तीवस्तीत, जायचे, बायकांशी बसून बोलायचे, कोणत्या घरावर किती कर्ज आहे आणि कशाच्या बदल्यात आहे ते समजून घ्यायचे. मग त्या लोकांना बरोबर घेऊन तहसील आणि बँक गाठायची, अर्ज भरायचा, साहेबासमोर त्यांनाच बोलायला लावायचे. बियाणे, विहिरी, शेतीची अवजारे यांसाठी सरकारी कर्जे मिळू लागली. बायकांनी थोडे थोडे पैसे एकत्र साठवावेत, यासाठीही त्या झटल्या. नाबार्डने बचतगटांना बँकेशी जोडण्याचा देशातला पहिला प्रयोग १९९२ मध्येच सुरू केला होता. उदयनगरच्या डोंगरात तीच दिशा धरली जात होती. भिल्लांमध्ये संकटातल्या माणसाच्या शेतावर सगळ्या गावाने बिनमोल राबण्याची 'हलमा' ही जुनी प्रथा आहे. एकत्र येणे या लोकांना शिकवावे लागले नाही. एकत्र येऊन कचेरीत जाणे तेवढे नवे होते.

याला आणखी एक संदर्भ आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायत निवडणुका घेणारे मध्य प्रदेश हे पहिले राज्य. १९९४ मध्ये त्या झाल्या. राखीव जागांमुळे आदिवासी आणि बायका मोठ्या संख्येने पंच-सरपंच होऊ लागल्या. कर्जाची वही आणि गावची सत्ता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुन्या हातांतून निसटू लागल्या, तेव्हा त्या हातांना राग येणे अटळ होते. धर्मांतराचा आरोप हे त्या रागाचे सोयीचे शस्त्र ठरले. मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे आणि जबरीच्या वा आमिषाच्या धर्मांतराला त्यात शिक्षा आहे. राणी मारियांवरचा राग मात्र पैशाच्या आणि वर्चस्वाच्या व्यवहारातून पेटला होता, असेच सगळा घटनाक्रम पाहता म्हणावे लागते. त्यांच्या बरोबर उभे राहून ज्यांनी कर्जाचे फास सोडवले त्यांत ख्रिस्ती नसलेले आदिवासी पुष्कळ होते.

२५ फेब्रुवारी १९९५ च्या सकाळी त्या उदयनगरहून इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये चढल्या. तिथून पुढे भोपाळ आणि मग केरळ असा बेत होता, म्हणजे त्या माहेरच्या वाटेवर होत्या. बसमध्ये समंदरसिंह हा विशीतला तरुण आणि त्याचे साथीदार होते. नाचनबोरच्या डोंगरात त्याने सुरी काढली. बस थांबली, राणी मारियांना खाली ओढले गेले, वार चालूच राहिले. नंतरच्या तपासणीत पन्नासहून अधिक जखमा मोजल्या गेल्या. शेवटपर्यंत त्यांच्या तोंडी येशूचे नाव होते. बसमध्ये पन्नासेक माणसे होती, पण मध्ये कुणी पडले नाही. वय ४१. दोन दिवसांनी, २७ फेब्रुवारीला, उदयनगरच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरण्यात आले. समंदरसिंहाला जन्मठेप झाली. आपल्याला दुसऱ्यांनी पैशाचे आमिष दाखवून, भडकवून पाठवले होते, हे त्याने पुढे उघडपणे सांगितले.

इथपर्यंतची गोष्ट दुःखाची आहे, पण दुर्मीळ नाही. गरिबांच्या बाजूने उभे राहणारी माणसे या देशात अनेकदा मारली गेली आहेत. यानंतर जे झाले ते मात्र क्वचित घडते.

तुरुंगात असताना समंदरसिंहाचे घर मोडले. बाहेर कुणी आपले राहिले नव्हते, आणि मनात एकच विचार घर करून बसला होता: सुटलो की ज्याने मला यात ढकलले त्याचा जीव घ्यायचा. त्याच्याकडे स्वामी सदानंद जाऊ लागले. हे मूळचे केरळचे कॅथलिक धर्मगुरू, भगवी वस्त्रे घालणारे, मध्य प्रदेशात नरसिंहपूरला आश्रम करून राहणारे, आणि संत चावरांनी ज्याच्या स्थापनेत भाग घेतला त्या सी. एम. आय. संघाचे. ते एकदा जाऊन उपदेश करून थांबले नाहीत. पुन्हा पुन्हा जात राहिले. कैद्याला भेटायला येणारे कुणी नसताना नियमाने येणारा एक माणूस, एवढे त्यांचे असणेच पहिल्या काळात पुरेसे होते. हळूहळू बोलणे खुनावर आले, पश्चात्तापावर आले. सूडाची भाषा निवळत गेली. एक दुसरा खून टळला, ही या सगळ्यातली सर्वांत व्यवहारी मिळकत, आणि ती सहसा सांगितली जात नाही.

ऑगस्ट २००२ मध्ये, राखीपौर्णिमेच्या सुमाराला, सिस्टर सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेल्या. बहिणीच्या खुन्यासमोर त्या बसल्या आणि ज्या हाताने सुरी चालवली होती त्याच हाताच्या मनगटावर त्यांनी राखी बांधली. केरळच्या ख्रिस्ती घरात राखीची चाल नाही. ही खूण त्यांनी माळव्यातून उचलली, समंदरसिंहाला लगेच कळेल म्हणून. 'मी तुला माफ केले' हे शब्द एकतर्फी असतात, बोलून माणूस निघून जाऊ शकतो. राखीने नाते तयार होते आणि दर वर्षी ते पाळावे लागते. बहिणीचा भाऊ झाल्यावर तिच्या आईशीही नाते आपोआप जुळते.

एलिस्वा आणि समंदरसिंह समोरासमोर आले तेव्हा त्यांनी त्याचे हात हातात घेतले आणि त्यांचे चुंबन घेतले. माझ्या मुलीचे रक्त या हातांना लागलेले आहे, म्हणून मला हे हात चुंबायचे आहेत, असा त्यांचा भाव होता. या कृतीत कॅथलिक भक्तीची एक जुनी रीत आहे. हुतात्म्याच्या रक्ताला, वस्त्राला, अस्थींना स्पर्श केलेली वस्तू श्रद्धाळू माणूस पवित्र मानतो आणि तिचे चुंबन घेतो. एलिस्वा यांनी ती रीत थेट मारणाऱ्याच्या हातांना लावली. कुणा धर्मगुरूने सुचवून असे होत नाही. शेतात राबलेल्या, फारसे जग न पाहिलेल्या एका आईने आपल्या धर्माच्या भाषेतला सर्वांत कठीण अर्थ स्वतः शोधून काढला.

माफीने शिक्षा आपोआप संपत नाही. भारतीय कायद्यात खून हा राज्याविरुद्धचा गुन्हा आहे. मृताच्या नातेवाइकांनी तडजोड केली तरी खटला वा शिक्षा मिटत नाही. त्यामुळे कुटुंब, धर्मभगिनींचा संघ आणि चर्चचे अधिकारी यांना रीतसर विनंती करावी लागली, याला सोडा. २००६ मध्ये समंदरसिंह सुटला. जिची मुलगी मारली गेली त्या घराने मारेकऱ्याच्या सुटकेसाठी सरकारदरबारी शब्द टाकावा, हे कोणत्याही कचेरीच्या अनुभवात क्वचितच बसेल. सुटल्यावर २००७ साली तो केरळला गेला. अनोळखी मुलखात, मारलेल्या बाईच्या दारात उभे राहायला लागणारे धैर्यही कमी लेखण्यासारखे नाही. परत येऊन तो आपल्या गावी शेती करू लागला आणि राणी मारियांच्या समाधीवर जाऊ लागला.

कॅथलिक इतिहासात याला सर्वांत जवळचे उदाहरण इटलीतले आहे. १९०२ मध्ये मारिया गोरेत्ती या अकरा वर्षांच्या मुलीला अलेस्सांद्रो सेरेनेल्ली या शेजारच्या तरुणाने भोसकले. तुरुंगातून १९२९ मध्ये सुटल्यावर पुढे तो तिच्या आईकडे, अस्सुंता यांच्याकडे गेला आणि त्यांनी त्याला माफ केले. १९५० मध्ये मारियाला संतपद जाहीर झाले तेव्हा अस्सुंता स्वतः हजर होत्या. भारतात ग्लॅडिस स्टेन्स यांचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्या कॅथलिक नव्हत्या. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती आणि दोन लहान मुलगे जाळून मारले गेले, तरी मारणाऱ्यांना माफ करून त्या बारीपदाच्या कुष्ठरोग्यांमध्ये काम करत राहिल्या. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या तिन्ही ठिकाणी माफी देणारी बाई आहे आणि तिने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबण्याची सवय अंगी बाणवलेली आहे. तरी एलिस्वा यांच्या घराने आणखी एक पाऊल टाकले. त्यांनी माफ केलेल्या माणसाला नात्यात घेतले आणि त्याच्या सुटकेचा भार स्वतःवर घेतला.

राणी मारियांच्या संतपदाच्या प्रक्रियेला इंदूरचे बिशप जॉर्ज अनाथिल यांच्या काळात, २००३ मध्ये, औपचारिक सुरुवात झाली. त्यांचे हौतात्म्य मान्य करणाऱ्या निर्णयाला पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०१७ मध्ये संमती दिली. हुतात्मा ठरण्यासाठी मृत्यू 'श्रद्धेच्या द्वेषातून' झाला, हे चर्चच्या नियमांनुसार सिद्ध व्हावे लागते. उदयनगरच्या बाबतीत हा मुद्दा बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण मारणाऱ्यांचा राग कर्जाच्या धंद्यावर गदा आल्याचा होता. चर्चने असे मानले की गरिबांना न्याय मिळवून देण्याचे काम त्यांच्या श्रद्धेतूनच निघाले होते, म्हणून त्या कामाबद्दलचा द्वेष हा श्रद्धेचाच द्वेष. हा अन्वय पुढच्या काळात पुष्कळ सामाजिक कार्यकर्त्या धर्मभगिनींच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरेल.

त्याआधी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, राणी मारियांच्या अस्थी थडग्यातून काढून उदयनगरच्या चर्चमध्ये ठेवण्यात आल्या. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला कार्डिनल अँजेलो अमातो यांच्या हस्ते त्यांना धन्य घोषित केले गेले. हा मान मिळालेल्या त्या भारतातल्या पहिल्या हुतात्मा स्त्री. त्या सोहळ्याला समंदरसिंहही आला होता. त्याच्या आणि या कुटुंबाच्या नात्यावर कॅथरिन मॅकगिल्व्हरे या दिग्दर्शिकेने २०१३ मध्ये माहितीपटही केला. धन्य घोषित होण्यासाठी हुतात्म्याच्या बाबतीत चमत्काराची अट नसते. संतपदासाठी मात्र त्यांच्या मध्यस्थीने घडलेला एक चमत्कार चौकशी होऊन मान्य व्हावा लागतो.

मधल्या काळात चर्चची या भागातली व्यवस्थाही बदलली. २००२ मध्ये झाबुआचा नवा धर्मप्रांत झाला आणि धार जिल्हा त्यात गेला, देवास इंदूरकडेच राहिला. दोन्ही जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात बचतगटांचे जाळे आता सरकारी योजनांमधून पसरले आहे. चांदी गहाण ठेवणारी दुकाने मात्र बाजारात अजून आहेत. राणी मारियांचा स्मरणदिन २५ फेब्रुवारीला पाळला जातो आणि त्या दिवशी उदयनगरच्या चर्चमध्ये आसपासच्या पाड्यांवरून तसेच केरळमधूनही लोक येतात.